माझा भाऊ बँडमध्ये ओरडायचा

माझा भाऊ ओरडल्यामुळे गेला नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मला सावकाश लिहिता येईल.

त्याच्या मेंदूतली एक शीर जन्मापासून कच्ची होती. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला कागदावर चित्र काढून ते समजावलं. शीर केव्हाही फुटली असती, त्या म्हणाल्या. दहाव्या वर्षी किंवा सत्तराव्या, जिना चढताना किंवा झोपेत. फुटली तेव्हा तो ऑफिसातून येऊन बूट काढत होता. एक काढून झाला होता. तो एकोणतीस वर्षांचा होता.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला, आमच्या घरी परत आलो तसे लोक भेटायला येऊ लागले. चांगले लोक आहेत. डबे घेऊन येतात, सिंकमधली भांडी न सांगता घासून जातात. पण निघताना दारात कुणीतरी म्हणतंच, "इतकी वर्षं ओरडून ओरडून शेवटी..." आणि वाक्य तसंच सोडून देतात. मी म्हणते, "तो गेलं वर्षभर एकदाही ओरडला नव्हता." मग ते खाली वाकून बूट शोधायला लागतात.

उलटंही मी म्हणणार नाही. ओरडणं सोडलं म्हणून गेला, असं म्हणायचा मोह होतो, पण ते तितकंच खोटं ठरेल. डॉक्टरीणबाईंच्या चित्रात आवाजाला कुठेच जागा नव्हती.

आमची आई मिरजेत गाणं शिकवते. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि भाऊ सहा. त्यानंतर घर आईच्या शिकवण्यांवर चाललं. पहाटे पाचला ती आम्हाला उठवून खर्ज लावायला बसवायची. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा सा. तोंड नीट उघडून, पोटातून श्वास सोडत, तो एकच स्वर अर्धा-पाऊण तास धरायचा. मला ते कधी जमलं नाही. मी मांडीखाली पुस्तक ठेवायचे. भावाला मात्र जमायचं. दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा तो मुलगा पहाटे असा आवाज लावायचा की फडताळातली फुलपात्रं वाजायची. आई म्हणायची, "हा गाणार." पण गाण्याच्या परीक्षा त्याने दिल्या नाहीत. इंजिनिअर झाला आणि २००२ साली पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला गेला.

मी त्याआधी वर्षभर, २००१ मध्ये, कॅरीला आले होते. मिरजेजवळच्या कॉलेजात दोन वर्षं मराठी शिकवत होते, ते सोडून. नवऱ्याला आरटीपीत, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी होती. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे कामाला बंदी. तो सकाळी गाडी घेऊन जायचा आणि मी चालत लायब्ररीत जायचे. तिथे बिनपगारी पुस्तकं लावायची परवानगी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची स्मरणिका काढायचं कामही लवकरच माझ्या गळ्यात पडलं, कारण शुद्धलेखन येणारी मी एकटीच होते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

बँडची बातमी मला २००३ मध्ये फोनवर कळली. इंग्लंडमध्ये भाऊ चार मुलांबरोबर राहत होता. पहाटे त्यांची झोप मोडू नये म्हणून हा कपडे धुवायच्या खोलीत दार लावून खर्ज लावायचा. एकदा त्यातला एक मुलगा अर्धवट झोपेत, वॉशिंग मशिन बिघडलं म्हणून बघायला आला. मशिन बंद होतं. आवाज आमच्या भावातून येत होता.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, हाच आवाज वर चढवून फाडता येतो का."

"फाडता म्हणजे?"

"ताई, ओरडायचं. गिटारच्या वर."

तो मुलगा गिटार वाजवायचा. त्यांना मेटलकोर नावाच्या प्रकारचा बँड काढायचा होता. मला तो शब्द लिहून घ्यावा लागला. प्रकार असा: दोन गिटारी एकदम करवतीसारख्या चालतात, ड्रम्सचा मारा सुरू असतो आणि त्यावर एकजण जीव खाऊन ओरडतो. मग मध्येच सगळं एकदम संथ आणि जड होतं, आणि ऐकणारी पोरं एकमेकांवर आदळतात. काही बँडमध्ये कुणीतरी मधूनमधून सरळ गळ्याने गातंही. आमच्या भावाच्या बँडमध्ये कुणी गात नव्हतं. तो ओरडायचा आणि बाकीचे वाजवायचे.

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"तू सांग ना," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. आईला म्हणाले, शिक्षण चालू आहे, सोबतीला थोडं गाणंही चालू आहे. हे माझं पहिलं खोटं. खोटं म्हणावं इतकंही ते मोठं नव्हतं, म्हणून पुढची सोपी गेली.

२००४ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा अमेरिकेत आले. बँड लहान, एक व्हॅन, पाच माणसं, शहराशहरांतले भाड्याचे हॉल. चार दिवस ते आमच्याकडे राहिले. दिवाणखान्यात ओळीने झोपलेली ती लांबलचक इंग्लिश मुलं बघून माझा नवरा म्हणाला, "वऱ्हाड उतरलंय." हातांवर गोंदलेलं, कानांना भोकं, आणि वागायला इतकी मऊ की मला संकोच वाटावा. वरण-भातावर लिंबू पिळायला शिकली. भावाचं ऐकून मला 'ताई' म्हणू लागली. ड्रम्सवाला तर जेवण झाल्यावर ओटा पुसायचा. हे त्याच्याकडून पाहून नवरा एकदा उठला आणि ताट उचलून ठेवलं, याची नोंद इथे असू दे.

सकाळी भाऊ गॅरेजमध्ये खर्ज लावायचा. चारही मुलं गॅरेजच्या पायरीवर कॉफी घेऊन गप्प बसायची. गिटारवाला मला म्हणाला, याच प्रकारचं ओरडणारे बाकीचे गायक दोन वर्षांत घसा घालवून बसतात, याचा घसा मात्र दर कार्यक्रमाला जास्तच उघडतो. आईला हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

शनिवारी ते मला त्यांच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. तासभर लांबच्या गावातला, माजी सैनिकांचा हॉल. मी सलवार-कमीज घातलेली, पर्स पोटाशी धरलेली, कानात कापसाचे बोळे. भिंतीला टेकून उभी राहिले. मग भाऊ पुढे आला आणि त्याने तोंड उघडलं.

मला आवडलं, असं मी लिहिणार नाही. मला भीती वाटली. घरात पाणी मागतानाही ज्याचा आवाज आतल्या खोलीत पोचायचा नाही, तो हाच, हे पटेना. घामाघूम होऊन तो माझ्याकडे आला. "कानाला त्रास झाला का?"

"एक शब्द कळला नाही," मी म्हणाले.

तो हसला. व्हॅनमधून त्यांच्या सीडीची छापील पुस्तिका आणून दिली. "तू वाचणारी बाई आहेस. वाच."

घरी येऊन मी वाचलं. इंग्रजीत होतं, पण गाव आमचं होतं. मिरजेच्या दवाखान्यातला लांब व्हरांडा, फिनेलचा वास, बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलेला मुलगा, आणि आतून येऊन कुणीच काही सांगत नाही. वडिलांच्या आजारपणातले ते तीन आठवडे आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलेले नव्हते. आईने नाही, मी नाही. मला वाटायचं, त्याला आठवतच नसेल, सहा वर्षांचा होता. त्याला बाकाचा रंगसुद्धा आठवत होता. आम्ही घरात जे हळूही बोललो नाही, ते तो अनोळखी गावांत जाऊन मोठ्याने सांगत होता. यात वेडंविद्रं काय आहे, हे मला अजून कुणी दाखवून द्यायचंय.

पुढच्या वर्षी ते मोठे झाले. म्हणजे मला ते असं कळलं: वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरणाऱ्या मुलीच्या अंगात त्यांच्या बँडचा टी-शर्ट होता. मी तिला म्हणाले, यातला एक माझा भाऊ. तिने माझ्या कुंकवाकडे पाहिलं, कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहिलं, आणि समजुतीने मान हलवली, म्हातारीच्या भ्रमाला हलवतात तशी. मी तेव्हा पस्तिशीचीही नव्हते.

त्या वर्षी ते गणपतीत आले. मंडळाच्या हॉलमध्ये आमची पोरं, एरवी आरतीला ओढून आणावी लागणारी, भावापुढे रांग लावून उभी. मंडळाचे काका, जे सगळ्यांच्या आधी कॅरीला आले म्हणून सगळ्यांचेच काका, मला कौतुकाने म्हणाले, "बघ, तुझ्या भावात काहीतरी आहे. मुलं नमस्कार करायला थांबलीत." मुलं सह्या घ्यायला थांबली होती. पोरांना सगळं ठाऊक होतं, आईबापांना काही नाही. सगळ्यांत जास्त ठाऊक होतं मला, आणि मीच स्मरणिकेत छापलं होतं: 'इंग्लंडहून आलेले पाहुणे, सॉफ्टवेअर अभियंते.'

भावाने ते वाचलं. प्रसादाचं ताट घेऊन पोरांच्यात जाऊन बसला.

आता फ्रिस्कोचं लिहायला हवं. ते टाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

२००६ मध्ये तो सत्तावीसचा झाला आणि आईने फोनवर लग्नाचा धोशा लावला. बायोडेटा मी बनवला. शुद्धलेखन येणारी मीच. उंची, रास, नक्षत्र, शिक्षण. नोकरीपुढे लिहिलं: सॉफ्टवेअर क्षेत्र, इंग्लंड. ते पूर्ण खोटं नव्हतं, मधल्या महिन्यांत तो असं काम करायचा. पुढे: 'मनमिळाऊ, होतकरू. घराण्यात गाणं. शास्त्रीय संगीताचा चाहता, गायनाचे कार्यक्रमही करतो.' हे लिहून मी स्वतःवर खूश झाले होते. म्हटलं, यात चुकीचा शब्द काढून दाखवा.

डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून एका मुलीच्या आईचा फोन आला. मूळच्या नागपूरच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. "अहो, ते कांदेपोहे वगैरे आमच्या पोरीला नको. ऑकवर्ड होतं म्हणते. तर तुम्ही म्हणता मुलगा त्या आठवड्यात डॅलसला आहे, कार्यक्रम आहे. मग आम्ही कार्यक्रमालाच जातो ना!"

"तिथे फार गर्दी असते," मी म्हणाले.

"असू द्या की. आम्ही लवकर जाऊन पुढे बसू."

"बसायची सोय नसते हो."

"भारतीय बैठक? मग तर बेस्टच! यांच्या गुडघ्याचं काय ते बघू."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. फोन माझ्या हातात होता, वाक्य तोंडात होतं. मी म्हणाले, "बघा, तुम्हाला आवडेल की नाही..." आणि त्या म्हणाल्या, "इश्श, आमच्याकडेही गाण्याची आवड आहे म्हटलं!" मी फोन ठेवला. भावालाही कळवलं नाही. वाटलं, जाणार नाहीत, टेक्सासमध्ये सगळं लांब असतं.

ते गेले. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. आवाज अगदी साधा.

"ताई, काल पहिल्या रांगेत एक काकू होत्या. पैठणी नेसलेल्या. हातात पेढ्यांचा डबा."

मी खुर्ची ओढून बसले.

"पोरं त्यांच्या अंगावर पडू नयेत म्हणून दोन धिप्पाड मुलांनी त्यांच्याभोवती कडं केलं होतं. त्यांच्यासोबतच्या काकांना कुणीतरी खुर्ची दिली. दोन गाणी त्यांनी कशीबशी काढली. तिसऱ्यात मी तोंड उघडलं आणि त्यांनी वर पाहिलं. आईसारखं, गं. चुकल्यावर आई बघते तसं. माझा आवाज फाटेचना. ती सगळी ओळ मी सुरात गायलो."

"मग?"

"मग काय. लोकांना वाटलं, नवीन आहे काहीतरी. टाळ्या पडल्या." तो पुढे म्हणाला, "काकूंनी बाहेर पेढे दिले. म्हणाल्या, तिसरं गाणं बरं होतं. आणि बायोडेटाचं बोलल्या. तो मला पाठव."

मी ईमेल केला. तो फोनवरच वाचू लागला, माझंच मराठी, मला. शेवटी म्हणाला, "चांगला मुलगा वाटतो गं. कोण आहे हा? मला भेटायला आवडेल याला."

स्थळ अर्थातच बारगळलं, जरी मुलगी म्हणे शेवटपर्यंत थांबली आणि टी-शर्ट घेऊन गेली. फ्रिस्कोहून कॅरीपर्यंत बातमी दोन फोनमध्ये पोचली. एवढ्यावर थांबलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण त्या कार्यक्रमाला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. त्याने ती सुरातली ओळ ऐकली. हा मुलगा गाऊ शकतो, हे त्याला नव्याने कळलं. कंपनीचं म्हणणं आलं की पुढच्या अल्बममध्ये गाणं जास्त हवं आणि ओरडणं कमी, म्हणजे रेडिओवर जाईल. गिटारवाल्याला पटलं. दुसऱ्या गिटारवाल्यालाही. ड्रम्सवाल्याला पटलं नाही. भावाला तर नाहीच.

चार-पाच महिने ते धुमसत राहिलं, आणि २००७ च्या वसंतात आमच्या जेवणाच्या टेबलावर बँड मोडला. दौरा अर्ध्यात सोडून ते आमच्याकडे आले होते. मी पोहे केले. भांडायलाही त्यांना येत नव्हतं. 'प्लीज' म्हणून मीठ मागत भांडत होते.

गिटारवाला म्हणाला, "तुला गाता येतं. मग गात का नाहीस? येत नसतं तर गोष्ट वेगळी."

भाऊ म्हणाला, "येत नाही म्हणून ओरडणारे पुष्कळ आहेत. मला गाता येतं. तरी ओरडतो. त्या गोष्टी गाण्यासारख्या नाहीत."

"लोकांना आवडतंय पण."

"काकूंनाही आवडलं होतं."

ड्रम्सवाला हसला, बाकी कुणी हसलं नाही. मग बँडचं नाव यापुढे कुणी वापरायचं याचा विषय निघाला. गिटारवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला, कुणीच नको. त्याचे डोळे भरले होते. आपापली ताटं त्यांनी धुतली. पोहे छान झाले होते असं प्रत्येकाने मला वेगवेगळं येऊन सांगितलं. भाऊ त्यांना सोडायला व्हॅनपर्यंत गेला आणि गिटारवाल्याला त्याने जी मिठी मारली ती मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली. चार वर्षं टिकला तो बँड. आमचं मंडळ त्याच वर्षी फुटलं, गणपतीचं विसर्जन शनिवारी की रविवारी यावरून, आणि तिथे कुणी कुणाला मिठी मारली नाही.

"चूक तुझी नाही," तो आत येऊन म्हणाला. "आज ना उद्या हा विषय निघालाच असता."

खरंही असेल. पण त्या ओळीला त्याचा आवाज बदलला तो माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. ते मी कुणाकडून माफ करून घेणार नाही.

नंतर त्याने पूर्ण वेळ नोकरी धरली आणि कंपनीने त्याला शॉमबर्गला पाठवलं. सगळे म्हणाले, मार्गी लागला. दर रविवारी फोन यायचा. अपार्टमेंटच्या भिंती पातळ आहेत, म्हणून पहाटेचं बसणं बंद आहे, म्हणाला. मी म्हटलं, इकडे ये, गॅरेज आहे. येतो म्हणाला. २००८ चा उन्हाळा लागला आणि हॉस्पिटलचा फोन आला.

दिवस शॉमबर्गलाच केले, आणि चौदाव्याचं गोडजेवण कॅरीला ठेवलं. नेमका चौदावा दिवस बुधवारी होता; इथे तिथीसुद्धा शनिवारी येते. आईला व्हिसा मिळाला नाही. ती मिरजेत फोनशी बसून होती.

सकाळी अकराला लोक जमले. काकांनी दोन शब्द लिहून आणले होते, आधी मला वाचायला दिले. 'मनमिळाऊ, होतकरू सॉफ्टवेअर अभियंता, शास्त्रीय संगीताचा चाहता.' माझंच वाक्य. त्यांनी ते कुठून तरी मिळवून जपून ठेवलं होतं, चांगल्या मनाने.

"काका, हे नका वाचू."

"अगं, तुझंच आहे की."

"म्हणूनच."

तेवढ्यात त्यांचं लक्ष फोटोकडे गेलं. पदवीचा फोटो मी काढून ठेवला होता. त्या जागी स्टेजवरचा लावला होता, मंडळातल्याच एका मुलीने काढलेला. मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले, तोंड पूर्ण उघडं. त्याला हार घातला होता.

काका जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "गेलेल्या माणसाचा असा फोटो लावत नाहीत, बाळ. निदान तोंड मिटलेला लाव. लोक काय म्हणतील? आधीच म्हणतायत, ओरडून..."

"म्हणू दे. मी उत्तर देणार आहे."

"आजच?"

"आज नाही तर केव्हा, काका?"

मला चार माणसांत बोलता येत नाही. कॉलेजातही मी वहीत बघून शिकवायचे. त्या दिवशी वही नव्हती. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझा भाऊ एका इंग्लिश बँडमध्ये ओरडायचा. ते त्याचं काम होतं, छंद नव्हता. बायोडेटात आणि स्मरणिकेत जे छापलं ते मी लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. तो ओरडल्यामुळे गेला नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी ते माझ्या दारात अर्धवट म्हणू नये, आत बसून पूर्ण म्हणावं. आणि जेवून जावं.

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाने टाळी वाजवली आणि त्याच्या आईने त्याचा हात धरला. काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि खुर्चीवर बसले. ते निघून गेले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहिते.

पंगत बसायच्या आधी आईचा फोन आला. मी आतल्या खोलीत गेले.

"झालं का सगळं?" आईने विचारलं.

"झालं."

"तू बोललीस?"

"बोलले. तो काय करायचा ते सांगितलं."

तिला एवढंच ठाऊक होतं की मुलगा कुठेतरी गायचा, आणि लोक त्याबद्दल विचित्र बोलतात. पाच वर्षांत तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"मग मला ऐकव," ती म्हणाली.

"आई, तुला सहन होणार नाही."

"तू ठरवू नकोस. तू फार ठरवलंस."

मी सीडी लावली. दवाखान्याचं गाणं. फोन स्पीकरजवळ धरला. सव्वातीन मिनिटं. मध्ये बाहेर भांड्यांचा आवाज थांबल्याचं मला जाणवलं. संपल्यावर फोन कानाला लावला. आईचा श्वास ऐकू येत होता.

"मला नाही आवडलं," ती म्हणाली.

"बरं."

"व्हरांडा म्हणाला का तो? इंग्रजीत?"

"हो."

मग ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतलाय. पण दम माझ्या एकाही विद्यार्थिनीला एवढा नाही. परत लाव."

मी परत लावलं. बाहेर काका होते, पानं वाढलेली होती. दार उघडंच होतं. मी ते लावून घेतलं नाही.